कुणाचंच नसलेलं मशीन

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या वेळात एकाच खुर्चीवर पाच-सहा जण बसून उठतात. पहिल्या बॅचचा मुलगा डेस्कटॉपवर स्वतःच्या नावाचं फोल्डर करतो. दुसऱ्या बॅचची मुलगी त्याच्याच शेजारी तिचं करते. तिसऱ्याला जागा कमी पडते म्हणून तो ही दोन्ही उडवतो, चौथा वॉलपेपर बदलतो, आणि पाचव्याच्या पेनड्राइव्हमधून असं काही येतं की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसतात. यात मुद्दाम वाईट वागलेलं कुणीच नाही. प्रत्येकाने घरच्या लॅपटॉपवर जे केलं असतं तेच केलं. पण घरच्या लॅपटॉपला मालक असतो, सतरा नंबरच्या मशीनला नसतो. जडवस्तू नोंदवहीत त्याचा सिरियल नंबर असतो, एवढंच.

हा गुंता जुना आहे आणि त्यावरचा सर्वांत नीट तोडगाही जुनाच आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या एमआयटीने डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या साथीने ‘प्रोजेक्ट अथीना’ सुरू केला. कॅम्पसभर सार्वजनिक वर्कस्टेशनं ठेवायची, विद्यार्थ्याने कुठल्याही मशीनपुढे बसून नाव-पासवर्ड टाकायचा आणि त्याच्या फायली तिथे हजर व्हायच्या, अशी कल्पना होती. ती राबवताना त्या मंडळींनी एक धाडसी निर्णय घेतला: उघड्यावर ठेवलेल्या मशीनवर भरवसाच ठेवायचा नाही. मशीन ज्याच्या हाताशी आहे तो त्याचं काहीही करू शकतो, हे धरूनच चालायचं. सार्वजनिक वर्कस्टेशनचा रूट पासवर्ड, म्हणजे मशीनवर सर्वाधिकार देणारा पासवर्डसुद्धा तिथे गुपित नव्हता. जपायचं ते सगळं, म्हणजे लोकांच्या फायली आणि ओळख पटवण्याची व्यवस्था, कुलपातल्या सर्व्हरवर. ‘कर्बरॉस’ हा नेटवर्कवर ओळख पटवणारा प्रोटोकॉल त्यातूनच जन्मला. आज कॉलेजच्या विंडोज डोमेनवर, म्हणजे सगळ्या मशिनांची लॉगिनं एका सर्व्हरकडून तपासणाऱ्या व्यवस्थेवर, लॉगिन होतं तेव्हा आतून तोच चालतो.

या तोडग्याचे दोन भाग आहेत. मशीनने विसरायचं आणि सर्व्हरने लक्षात ठेवायचं. आपल्याकडच्या कित्येक लॅबांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

विसरण्याची सोय करणं सोपं आहे. घड्याळाशेजारी पांढऱ्या अस्वलाचं चिन्ह दिसलं की समजावं, इथे ‘डीप फ्रीझ’ आहे. सी ड्राइव्ह गोठवलेला असतो. दिवसभरात त्यावर जे लिहिलं जातं ते परस्पर वेगळ्या जागी वळवलं जातं आणि रीस्टार्ट झालं की नाहीसं होतं. लिनक्सवर हेच काम ओव्हरले फाइलसिस्टीम वापरून फुकटात होतं. व्हायरस, वॉलपेपर, ब्राउझरला चिकटलेले टूलबार, सगळं एका रीस्टार्टमध्ये साफ. लॅब असिस्टंटचा निम्मा दिवस यामुळे वाचतो, यात शंका नाही.

पण गोठवलेलं मशीन विसरतं ते रीस्टार्टला, लॉगआउटला नाही. याचा विसर पडला की काय होतं ते शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत दिसतं. महाडीबीटीवर अर्ज भरायला मुलं लॅबमध्येच येतात, कारण मोबाइलवर कागदपत्रं अपलोड करताना जीव जातो. अर्ज भरून मुलगा उठतो तेव्हा डाउनलोड्समध्ये उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार आणि पासबुकाचं पहिलं पान अशा चार पीडीएफ मागे राहिलेल्या असतात. शेजारच्या टॅबमध्ये जीमेल उघडं, त्याच्या शेजारी व्हॉट्सअॅप वेब. पुढच्या पाच मिनिटांत त्याच खुर्चीवर दुसरा येऊन बसतो. मशीन रीस्टार्ट झालेलं नाही, म्हणजे अस्वल असून नसल्यासारखंच.

उपाय साधा आहे, पण त्याला किंमत आहे. ग्रुप पॉलिसीतल्या (सगळ्या मशिनांना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांतल्या) लॉगऑफ स्क्रिप्टमध्ये रीस्टार्टची एक ओळ घालायची, आणि दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर मशीनने आपणहून लॉगऑफ व्हावं अशी व्यवस्था करायची. मात्र जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज वर येऊन हाताळण्याजोगं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. पन्नास मिनिटांच्या प्रॅक्टिकलमध्ये ती सरांना परवडत नाहीत, मग कुणीतरी ती स्क्रिप्ट काढून टाकतं. म्हणून पैसे थोडे असतील तर रॅमच्या आधी एसएसडी घ्यावी. रीस्टार्ट अर्ध्या मिनिटावर आलं की विसरण्याला कुणाची हरकत राहत नाही. तोवर ब्राउझर तरी असा बांधावा की खिडकी बंद होताच प्रोफाइल पुसलं जाईल. क्रोम आणि एज दोन्हींत तशी पॉलिसी आहे.

गोठवण्याचे आणखी दोन फटके पहिल्या वर्षात हमखास बसतात. विंडोज डोमेनमध्ये प्रत्येक मशीनचा स्वतःचाही एक पासवर्ड असतो आणि तो मशीन दर ३० दिवसांनी आपणहून बदलतं. गोठवलेलं मशीन नवा पासवर्ड सर्व्हरला कळवतं, रीस्टार्ट होतं आणि स्वतः मात्र जुन्यावर परत येतं. मग एके सकाळी अर्ध्या लॅबमध्ये ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ तुटल्याचा संदेश झळकतो आणि सगळे नेटवर्कवाल्याला फोन लावतात. नेटवर्क ठणठणीत असतं. मशीनने पासवर्ड बदलू नये अशी पॉलिसी आधीच लावली की हा प्रश्न येत नाही. दुसरा फटका अपडेटचा. गोठवलेल्या मशीनवर विंडोज दिवसा अपडेट उतरवतं, रात्री विसरतं आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा उतरवतं. तीस मशिनं हे रोज करू लागली की कॉलेजची लीज लाइन कुठे जाते हे शोधायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. आठवड्यातून एक रात्र मशिनं वितळवून अपडेट करून पुन्हा गोठवायची, बाकीच्या दिवशी अपडेट बंद.

आता दुसरा भाग, लक्षात ठेवण्याचा.

ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याला लॅबचं मशीन विसरलं काय आणि नाही काय, फरक पडत नाही. तो घरून कोड आणतो, प्रॅक्टिकलला चालवून दाखवतो. ज्याच्याकडे लॅबशिवाय दुसरं मशीनच नाही, त्याची पन्नास मिनिटं मात्र रीस्टार्टबरोबर वाहून जातात. टर्बो सी अजूनही जिथे आहे तिथे तर हे फार क्रूरपणे घडतं. तो सोळा-बिटी कंपायलर चौसष्ट-बिटी विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवतात, आणि नवा प्रोग्रॅम सेव्ह केला की तो सहसा सी ड्राइव्हवरच्या त्याच्या स्वतःच्या ‘बिन’ फोल्डरात पडतो. सी ड्राइव्ह गोठवलेला. पहिल्या वर्षाचं पोर एफ-२ दाबून निश्चिंत होतं आणि दुसऱ्या दिवशी फाइल गायब. (टर्बो सी २०२०नंतरही का शिकवावा, यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो विषय आजचा नाही.)

यावर लॅबचं नेहमीचं उत्तर असतं, ‘पेनड्राइव्ह आणा.’ पेनड्राइव्ह म्हणजे तोच शॉर्टकट व्हायरस एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये आणि तिथून झेरॉक्सच्या दुकानात नेणारं वाहन. त्यात फायली खरं तर गेलेल्या नसतात. त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ ही दोन विशेषणं लागलेली असतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट उभे केलेले असतात. कमांड प्रॉम्प्टवर ‘अॅट्रिब’ची कमांड देऊन ती दोन्ही काढली की फायली दिसू लागतात. शॉर्टकटवर मात्र डबल क्लिक करायचं नाही, लागण त्यानेच होते. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

खरं उत्तर सर्व्हरवरच्या फोल्डरचं आहे आणि ते वाटतं तितकं महाग नाही. सहाशे विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाला २ जीबी दिली तर १,२०० जीबी होतात. ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या जोडल्या की जागा उरते. सेमिस्टरभराचं जावाचं जर्नल काही एमबीत मावतं. फुगतात ते प्रोजेक्ट, आणि त्यातही कोड नव्हे तर बिल्डची आणि उतरवलेल्या लायब्ररींची फोल्डरं. ती वगळून सेव्ह करायला पहिल्याच तासाला शिकवावं. आरसा म्हणजे बॅकअप मात्र नव्हे. मुलाने स्वतःच्या हाताने फाइल उडवली तर ती दोन्ही डिस्कांवरून एकदमच उडते. रात्रीची प्रत तिसऱ्या डिस्कवर हवीच.

मांडणी करताना रोमिंग प्रोफाइलचा मोह टाळावा. त्यात लॉगिन होताना विद्यार्थ्याचं अख्खं प्रोफाइल सर्व्हरवरून मशीनवर उतरतं. आठ वाजता वीस जण एकदम लॉगिन करतात आणि आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत सगळे ‘वेलकम’ या शब्दाकडे बघत बसतात. त्यापेक्षा फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप ही दोन फोल्डरं सर्व्हरकडे वळवावीत. फाइल उघडली की तेवढीच येते.

इमेजबद्दल, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर चढवलेल्या डिस्कच्या हुबेहूब प्रतीबद्दल, थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण लॅबचं वर्ष तिच्यावर चालतं. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक मशीन नमुना म्हणून तयार करायचं. त्यावर सगळं चढवून, चालवून बघायचं, आणि ‘चालवून बघायचं’ यातच खरा वेळ जातो. ओरॅकल डेटाबेसची ११जीपर्यंतची एक्स्प्रेस आवृत्ती आणि जावाची वेब पानं चालवणारा टॉमकॅट दोन्ही एकाच मशीनवर टाकली की दोघंही ८०८० याच पोर्टवर हक्क सांगतात. आधी सुरू होईल तो जिंकतो. नमुना मशीनवर टॉमकॅट आधी तपासला असेल तर सगळं छान दिसतं आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी सर्व्हलेट (टॉमकॅटवर चालणारा जावा प्रोग्रॅम) उघडायला गेलं की ओरॅकलचं पान येतं. म्हणून सगळं चढवून झाल्यावर मशीन एकदा बंद करून चालू करायचं आणि मगच प्रत्येक विषयाचं एकेक प्रॅक्टिकल करून बघायचं.

त्यानंतर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायचं. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते, डिस्कवरची एनटीएफएस फाइलसिस्टीम मोकळी सुटलेली नसते आणि डिस्कच्या प्रती काढणारं क्लोनझिला तिची प्रत घ्यायला नकार देतं. मग सिसप्रेप (विंडोजमधली त्या एका मशीनची ओळख पुसणारं साधन), शटडाउन, आणि पुढचं बूट थेट पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून. चुकून हार्डडिस्कवरून बूट झालं तर सिसप्रेप वाया गेला, पुन्हा करा.

इमेज ४० जीबीची धरली तर गिगाबिट नेटवर्कवर कागदोपत्री सहा-सात मिनिटांत ती एका मशीनवर जाते. एकामागून एक तीस मशिनं करायची तर अख्खी दुपार. मल्टिकास्टने तीच इमेज सगळ्यांना एकदम पाठवता येते, क्लोनझिला आणि त्याच कामाचं फॉग या दोन्हींत ती सोय आहे. पण मल्टिकास्ट सर्वांत हळू मशीनच्या चालीने चालतं, आणि हळू मशीन एक तरी असतंच. कारण बहुधा केबल. गिगाबिटला आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला पिन १, २, ३ आणि ६ अशा चारच पुरतात. क्रिंप करताना तपकिरी जोडीतली एक तार नीट बसली नसेल तर नेटवर्क कार्ड सहसा तक्रार न करता गुपचूप १००वर उतरतं. रोजच्या ब्राउझिंगमध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाही. इमेज टाकताना मात्र सहा मिनिटांचं काम तासाचं होतं आणि त्या एकापायी उरलेली एकोणतीस मशिनं थांबून राहतात. सुरू करण्याआधी स्विचवरचे दिवे बघावेत. बऱ्याच स्विचवर १००चा आणि १०००चा रंग वेगळा असतो. वेगळा दिवा दिसला त्या मशीनची केबल आधी बदलायची. त्यासाठी पोर्टवर, मशीनवर आणि मॉनिटरवर एकच नंबर लिहिलेला हवा. नसेल तर तीस केबली ओढून बघत बसावं लागतं.

नंबर लिहिण्याचा दुसरा फायदा तक्रारवहीत होतो. तिथे मुलं एकच वाक्य लिहितात, ‘पीसी चालत नाही.’ त्या तीन शब्दांत निदान दहा आजार असतात. स्क्रीन पिवळी पडली असेल तर व्हीजीए केबलमधली निळा रंग वाहून नेणारी पिन गेली किंवा वाकली. गुलाबी-जांभळी दिसत असेल तर हिरव्याची. मॉनिटर बदलायची गरज नसते. सुरू करताच बीप वाजून पडदा काळाच राहिला तर बहुतेक रॅम. दमट कोकणात पावसाळ्याच्या शेवटी हे जास्त होतं. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायचा हा आपला राष्ट्रीय उपाय आहे आणि तो चालतोही, पण मऊ रबर हलक्या हाताने फिरवावा. दर महिन्याला खरवडत राहिलं तर मुलामा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं बरं.

सगळ्यांत फसवा आजार बोर्डवरच्या त्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलचा. सेल मेला की रात्री वीज बंद केल्यावर मशीन तारीख विसरतं आणि सकाळी भलत्याच वर्षात जागं होतं. ब्राउझर प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. डोमेन असेल तर लॉगिनही अडतं, कारण घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बरॉस दारातूनच परत पाठवतो. तक्रारवहीत येतं, ‘नेट चालत नाही.’ आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघावी, मग राउटरकडे जावं.

आणि सगळीच मशिनं एकदम बंद पडली, स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे एकत्र लुकलुकू लागले, तर कुणीतरी मोकळी पडलेली पॅच कॉर्ड ‘नीट लावून ठेवली’ असं समजावं. तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेलेली असतात. साध्या स्विचला हे वर्तुळ ओळखता येत नाही, एकच पाकीट फिरत राहतं आणि सगळं बुडतं. एकेक केबल काढत जायचं, दिवे शांत झाले की गुन्हेगार सापडला.

विजेबद्दल दोनच गोष्टी. यूपीएसच्या बॅटऱ्या सीरिजमध्ये असतात, सोळा किंवा वीस, त्यामुळे एक बसली की सगळी माळ बसते. लोड टाकून प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजावं. आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ते मशीनचं नव्हे, अर्थिंगचं दुखणं आहे. ते इलेक्ट्रिशियनकडून आजच्या आज बघून घ्यायचं.

गेल्या काही वर्षांत लॅबवर आणखी एका पाहुण्याचा हक्क आला आहे. २०१९पासून जेईई मेन आणि आपली एमएचटी-सीईटी दोन्ही संगणकावर होऊ लागल्या आणि कॉलेजांच्या लॅबा परीक्षा केंद्रं झाल्या. भाडं मिळतं, जनरेटर येतो, कॅमेरे बसतात, हे सगळं चांगलंच. पण परीक्षेसाठी बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) यूएसबी पोर्ट बंद केले जातात, वर पासवर्ड बसतो, आणि परीक्षावाले गेल्यावर तो पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. लॅब ताब्यात देण्याआधी स्वतःची इमेज जपून ठेवावी आणि परत घेताना बायोस उघडून दाखवायला सांगावं, सही त्यानंतर.

सध्याची मोठी चिंता वेगळी आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या-सहाव्या पिढीच्या आय-३ मशिनांनी भरलेल्या लॅबा एका तारखेत जुन्या झाल्या. निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवून नव्याची वाट बघण्यापेक्षा ८ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून लिनक्सवर नेलेलं बरं, असं माझं मत आहे. सी, पायथन, जावा, मायएसक्यूएल, वेब हे सगळं तिथे विंडोजइतकंच, किंबहुना जास्त सुखाने चालतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि अर्ध्यावर स्वतःचं काम अशीच त्यांची रचना आहे, त्यामुळे जुन्या मशीनवर हेडफोन लावून ते उत्तम होतं. ऑटोकॅड आणि टॅलीसाठी एक विंडोज लॅब राखून ठेवावी. तीन मेलेल्यांतून एक जिवंत करायचं असेल तर कुठला भाग कुठून आला हे नोंदवहीत लगेच लिहावं, नाहीतर ऑडिटला सिरियल नंबर जुळत नाहीत आणि केलेल्या कामाचाच जाब द्यावा लागतो.

एवढं सगळं करून पाच वाजता लॅबला कुलूप लागतं, हे मला पटत नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर विचारलं जातं, पण त्या गुणोत्तरातलं मशीन टाइमटेबलबाहेर विद्यार्थ्याला किती तास मिळतं, ही खरी विचारायची गोष्ट आहे. खर्चाची सबब टिकत नाही. मॉनिटरसकट मशीनमागे ८० वॅट धरले तर तीस मशिनांचे २.४ किलोवॅट होतात, संध्याकाळच्या तीन तासांचे सात-साडेसात युनिट. एसी बंद ठेवून पंखे लावले तरी चालतं. अडचण माणसाची असते, कारण लॅब असिस्टंटची ड्यूटी संपलेली असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे. तिच्यातल्या मुलांना ग्रंथालयात पुस्तकं लावायला आणि बागेत पाणी घालायला देतात, तशी संध्याकाळची लॅबही देता येईल. त्या मुलाकडे किल्ली, तक्रारवही, दोन जादा माउस आणि एक चांगली पॅच कॉर्ड द्यायची. अॅडमिनचा पासवर्ड द्यायचा नाही. मशीन अडलं तर रीस्टार्ट करायचं, तरीही अडलं तर नंबर लिहून बाजूला ठेवायचं आणि पुढच्याला दुसरं उघडून द्यायचं. फायली सर्व्हरवर असतील तर त्याला एवढंच काम उरतं.